दुसऱ्याच्या मापाचे बूट

या वर्षी बूट आले नाहीत. उत्तरेकडून येणारे शेवटचे जहाज माल उतरवून निघून गेले होते, आणि पोस्टातील मुलीने मागच्या खोलीत जाऊन पाहिल्यावर सांगितले, "तुमच्या नावावर काही नाही." तिने ते माझ्यामागच्या माणसाकडे पाहत सांगितले, मीही मान हलवली आणि बाहेर पडलो. बाहेर धुके होते, आणि नूक शहराला धुक्याचे काही वाटत नाही. माणसे त्यातून आपापल्या कामाला जात-येत असतात. बसच्या थांब्यावर उभा राहिल्यानंतर माझ्या ध्यानात आले, की माझे दोन्ही हात छातीपाशी कसला तरी आकार धरून आहेत. दर वर्षी या दिवसांत मी त्याच थांब्यावर दोरीने बांधलेले एक खोके असे कवटाळून उभा राहत असे, त्यातून सीलच्या कातड्याचा वास येई आणि शेजारची तरुण मंडळी किंचित बाजूला सरकत. या वर्षी खोके नव्हते. हातांना मात्र हे कोणी कळवले नव्हते. मी ते खिशात घातले. बस आली तेव्हा माझ्या शेजारी कोणी सरकले नाही, आणि त्याचेही मला उगीच वाईट वाटले.

गोष्ट क्षुल्लक होती आणि मी तिला क्षुल्लकच ठेवण्याचा प्रयत्न केला. ते बूट मला कधीच नको होते, हे प्रथम नमूद केले पाहिजे. हाताने शिवलेले, आत केसाळ अस्तर असलेले ते कातडी बूट, आमचे कामिक, घालून डांबरी रस्त्यांच्या शहरात माणसाने जावे तरी कोठे? शिवाय ते मला होत नसत. दोन जाड मोजे चढवले तरी टाच आत हिंदकळे, कारण ते माझ्या मापाचे नसतच; ते ज्या माणसाच्या मापाचे होते, तो माझ्या जन्माच्या थोडे आधी, वसंतात, समुद्रावरच्या बर्फाखाली गेला होता. तेव्हा नको असलेली, पायाला न होणारी आणि कपाटभर केस गाळणारी वस्तू एका वर्षी आली नाही, तर माणसाला हलके वाटायला हवे. मला तसे वाटले नाही. या अनुमानात कोठे तरी चूक होती, आणि चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. मी घरी आलो, कपाट उघडले, गेल्या वर्षीची जोडी बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसलो. माझ्या घटस्फोटित पत्नीने, बिर्थेने, ती जोडी पाहिली असती तर नेहमीप्रमाणे म्हटले असते, "तुझ्या पहिल्या बायकोने खाऊ पाठवलाय वाटतं." बिर्थे नूकचीच होती आणि तिला हा सगळा प्रकार प्रथम गमतीचा वाटे. पुढे वाटेनासा झाला. दोघींनी एका पुरुषाला वाटून घेण्याचा प्रश्न नव्हता, ती जाताना म्हणाली. प्रश्न असा होता, की दोघींपैकी एकीच्याही वाट्याला पुरता माणूस येत नव्हता.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचे नाव पुढे जन्मणाऱ्या मुलाला देतात आणि नावाबरोबर नातीही देतात. नुसाक या आमच्या वस्तीत एनोक नावाचा माणूस मेला, त्याची विधवा युस्तिना रात्रंदिवस रडत होती, आणि माझ्या आईचे दिवस भरत आले होते. "तुला नाव दिलं आणि तिचं रडणं थांबलं," आई मला सांगे, आणि सांगताना तिच्या आवाजात शेजाऱ्याला पीठ उसने दिल्याचा साधेपणा असे. म्हणजे इतर माणसे जन्मतात आणि रडतात. मी जन्मलो आणि दुसऱ्याचे रडणे थांबवले. युस्तिना तेव्हा तिशीच्या आतली होती. तिला पुढे मागण्या आल्या. आलेल्या प्रत्येकाला ती कॉफी देई आणि म्हणे, "नवरा आहे की मला. दात येताहेत त्याला." तिची मुलगी रेबेक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती मला बाबा म्हणे. मी पाच वर्षांचा असताना ती माझ्यासमोर येऊन उभी राही आणि विचारी, "बाबा, घसरगुंडीवर जाऊ?" मी एकदा, केवळ काय होते ते पाहण्यासाठी, नको म्हणालो. ती दाराशी बसून मुळूमुळू रडली, पण गेली नाही. सत्ता म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले, आणि ती किती कंटाळवाणी असते हेही; कारण मग मलाही घरातच बसावे लागले.

युस्तिना मला अहो म्हणे. तिच्या घरी गेलो की मांसाचा उत्तम तुकडा माझ्या ताटात पडे, आणि दारातून आत येताच पहिला प्रश्न ठरलेला असे: "अहो, पाय ओले नाहीत ना झाले?" मी नाही म्हणे. कधी कधी ते झालेले असत, तरीही नाही म्हणे, कारण हो म्हटल्यावर तिचा चेहरा जसा होई तो मी एकदाच पाहिला होता. त्या प्रश्नामागची हकिगत मला रेबेक्काने पुढे सांगितली. त्या दिवशी सकाळी तिचा बाप माशांचे दोर ओढायला बर्फावर निघाला होता; बुटाची शिवण उसवली होती आणि त्याने युस्तिनाला चार टाके घालायला सांगितले. आदल्या दिवशीच्या कसल्याशा बोलण्यावरून ती रागावलेली होती. "तुमचे तुम्ही शिवा," ती म्हणाली. तो हसला आणि तसाच गेला. दुपारी कुत्री रिकामी गाडी ओढत परत आली. आता यात शिवणीचा काय संबंध? बर्फ फुटतो तेव्हा तो वरच्या माणसाचे बूट तपासत नाही. कोरड्या पायांची माणसेही बुडतात. हे मी जाणत्या वयापासून स्वतःला असंख्य वेळा सिद्ध करून दाखवले आहे, आणि सिद्धतेत कोठेही उणीव नाही. युस्तिना दर उन्हाळ्यात कातडे ताणून वाळवी, दर शरदात माझ्यासाठी जोडी शिवी, आणि तिच्या टाक्यांतून पाण्याचा थेंबही आत शिरत नसे. मी सोळाव्या वर्षी शिकायला नूकला निघालो, तेव्हा एकदाचे स्पष्ट बोलावे म्हणून तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, "मी तो नाही." ती अर्धचंद्राकृती सुरीने कातड्यावरची चरबी खरवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "माहीत आहे. लग्नाआधीही तुम्ही असंच म्हणायचात, की तुला हवा तो मी नाही." युक्तिवादात मी हरलो असे माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा घडले आहे, आणि त्यांतला हा पहिला प्रसंग.

मी इस्पितळात दुभाष्या आहे. डॅनिश डॉक्टर येतात, काही महिने राहतात, जातात; आमची म्हातारी माणसे दूरच्या वस्त्यांतून विमानाने आणली जातात; दोहोंच्या मधल्या खुर्चीवर मी बसतो. या धंद्याचे नियम थोडे आणि कडक आहेत. जो बोलेल त्याचा मी तो माझा मी. डॉक्टर म्हणाला, मी तुमचे पोट उघडणार आहे, तर मीही म्हणायचे, मी तुमचे पोट उघडणार आहे. काही गाळायचे नाही, काही घालायचे नाही, आणि मुख्य म्हणजे स्पष्टीकरण द्यायचे नाही. कुठे दुखते असे विचारल्यावर एक म्हातारा शिकारी म्हणाला होता, "या हिवाळ्यात मी माझ्या गाडीच्या म्होरक्या कुत्र्याला गोळी घातली." मी ते तसेच डॅनिशमध्ये सांगितले. डॉक्टरने माझ्याकडे पाहिले. आपले शिकारीचे दिवस संपले, असे म्हाताऱ्याला म्हणायचे आहे हे मला लख्ख कळले होते, पण ते त्याने म्हटले नव्हते, म्हणून मीही म्हटले नाही. दिवसभर मी इतरांचे मी बोलतो: गर्भवतीचा, दारुड्याचा, मरणाऱ्याचा, त्याला मरणार म्हणून सांगणाऱ्याचा. संध्याकाळी घरी येतो तेव्हा स्वतःचा काढून बघावा इतकी शक्ती उरत नाही. कोणी म्हणेल, जो माणूस पगारासाठी शंभरांचा मी होतो, त्याला एका म्हातारीसाठी एकाचा व्हायला काय हरकत होती? हरकत अशी, की त्या शंभरांच्या बाबतीत खोलीचे दार उघडले की माझी सुटका असे.

फोन दुसऱ्याच दिवशी आला. मी दोन रुग्णांच्या मधल्या वेळात कॉफी पीत होतो.

"बाबा, कामात आहेस का?" रेबेक्काचा आवाज.

"आहे."

"मग नुसतं ऐक, मधे बोलू नकोस. आईच्या पोटात गाठ आहे. उन्हाळ्यातच सापडली. नर्सबाई म्हणतात नूकला पाठवा, कापून काढतील. नाही काढली तर हिवाळा निघायचा नाही. आणि ही जागची हलत नाही."

"तिला नीट समजावून सांग."

"मी मुलगी. माझं कोण ऐकतंय? नर्सबाईंनी सांगून झालं, पाद्रीसाहेबांनी सांगून झालं. तू ये नि सांग. नवरा आहेस तू तिचा."

"रेबेक्का, मी तिचा नवरा नाही."

"हो का," ती म्हणाली. "मग मी जन्मभर बाबा कोणाला म्हणतेय? जाऊ दे. हवा बिघडायच्या आत निघ. आणि येताना कॉफी आण, इथल्या दुकानातली संपलीय."

एक विमान, मग त्याहून लहान विमान, मग उपर्नाविकहून हेलिकॉप्टर: उत्तरेकडे जाताना दर टप्प्याला यंत्र लहान होत जाते आणि आतली माणसे एकमेकांना अधिकाधिक ओळखू लागतात. शेवटच्या टप्प्यात मला सगळेच ओळखत होते, म्हणून मी डोळे मिटून घेतले. मी दमलो होतो. प्रवासाने नव्हे, तो तर नुकताच सुरू झाला होता, पण पुढे जे बोलायचे होते ते मनात इतक्या वेळा बोलून झाले होते, की ते घडून गेल्यासारखे वाटत होते. मी मुद्दे लावले होते. पहिला मुद्दा वैद्यकीय. दुसरा, निर्णय तिचा असावा आणि तो माझ्या आज्ञेवर अवलंबून नसावा. तिसरा, आणि हा सांगावा की नाही याबद्दल मी साशंक होतो, की तिचा नवरा पन्नासाहून अधिक वर्षांपूर्वी मेला. खाली समुद्र काळा आणि उघडा होता. हिमनग आपापल्या जागी गुरांसारखे बसले होते. खाडीच्या कडांना मात्र बर्फाची पातळ साय धरू लागली होती. सूर्य डोंगराच्या पाठीला घासून गेल्यासारखा वर आला आणि तसाच खाली गेला. लवकरच तो यायचा बंद होणार होता. लहानपणी मला वाटे, की तोही नूकला शिकायला जातो.

हेलिकॉप्टरच्या तळावर टिट्टुस उभा होता. सामान उतरवणे हे त्याचे काम, आणि उतरणाऱ्यांना टोचणे हा त्याचा आनंद.

"आलास? बायकोने बोलावल्यावर आलास होय," तो माझी पिशवी उचलत म्हणाला. "पन्नास वर्षं मासे आणायला गेला होतास ना. दाखव बघू काय आणलंस."

"कॉफी."

"बास? एवढ्यासाठी एवढा उशीर?" तो हसला, मग पिशवी माझ्या हातात देताना हळू आवाजात म्हणाला, "बारीक झालीय रे फार. घाबरू नकोस बघून."

युस्तिनाचे घर हिरवे होते आणि अजूनही हिरवेच होते. दारातल्या थंड खोलीत तेच मासळीचे आणि रॉकेलचे वास. मी आतले दार उघडले. ती खिडकीपाशी बसली होती, म्हणजे तिचे कपडे बसले होते आणि त्यांत कोठे तरी ती होती. चेहरा मात्र लहान होऊन अधिकच तिचा झाला होता. तिने प्रथम माझ्या पायांकडे पाहिले. शहरातले, रबरी तळाचे, दुकानातले बूट.

"अहो, पाय ओले नाहीत ना झाले?"

"नाही."

"बसा. रेबेक्का, वाढ त्यांना."

रेबेक्काने सीलचा रस्सा वाढला, स्वतःही घेतला आणि जेवताना वस्तीतली सगळी बातमी सांगितली: कोणाची नाव फुटली, कोणाची सून परत गेली, दुकानदाराने साखरेत काय काळेबेरे केले. युस्तिनाने ताट घेतले नव्हते. मी खात होतो आणि ती मला खाताना पाहत होती, आणि लहानपणी ज्या दृष्टीचा मला गुदमरल्यासारखा भार होई, तीच ती दृष्टी होती. फक्त तिच्यातली शक्ती गेली होती, आणि तिचा भार मात्र, असे का व्हावे हे मला समजेना, तितकाच राहिला होता. जेवण झाल्यावर मी माझे मुद्दे मांडले. मी ते चांगले मांडले. गाठ म्हणजे काय, कापतात कशी, गुंगी कशी देतात, किती माणसे बरी होऊन घरी जातात, किती जात नाहीत. मी काही लपवले नाही. रेबेक्का दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती.

"छान सांगता," युस्तिना म्हणाली. "इस्पितळात असंच सांगता का लोकांना?"

"तिथे मी माझं काही सांगत नाही. डॉक्टरचं डॉक्टरच्या तोंडचं सांगतो, आजाऱ्याचं आजाऱ्याच्या."

"मग आत्ता कोणाचं सांगितलंत?"

रेबेक्काने माझ्याकडे पाहिले आणि भांडी उचलून ती आत गेली. युस्तिनाने उत्तराची वाट पाहिली नाही. तिने डोळे मिटले, आणि ती झोपली आहे की मला अवधी देत आहे, हे मला ठरवता आले नाही. त्या प्रश्नाचे खरे उत्तर काय होते? मी डॉक्टरचे बोललो होतो, रेबेक्काचे बोललो होतो. कोणाही शहाण्या माणसाने जे बोलावे ते बोललो होतो. एनोकचे बोललो नव्हतो. त्या एनोकचे नाही आणि या एनोकचेही नाही. तिसरा मुद्दा मी मांडलाच नव्हता. तो मांडून काय उपयोग, असे मी मनाला सांगितले. पण ते कारण नव्हे. तो मांडायला लागणारा मी माझ्यापाशी नव्हता. मी झोपलो त्या खोलीत पूर्वी रेबेक्का झोपत असे. भिंतीवर तिच्या बापाचा एक फोटो होता: कुत्र्यांमध्ये उभा, टोपी मागे सरकवलेली, हसणारा. लहानपणी मी त्या फोटोकडे पाहणे टाळत असे, कारण मी त्याच्यासारखा दिसतो असे सगळे म्हणत, आणि मी दिसत नसे. तो माझ्या आताच्या वयाहून कितीतरी लहान होता. माझा मुलगा शोभला असता. इतकी वर्षे मी ज्याच्या ओझ्याखाली वाकलो होतो तो एक कोवळा पोर होता, बायकोच्या रागावर हसण्याइतका, उसवलेले बूट घालून कामावर जाण्याइतका, आणि त्याला काही कोणावर नाव लादायचे नव्हते. मला त्याचा राग यायला हवा होता. थकवा आला.

सकाळी पाणी आणायला म्हणून मी बादली घेऊन थंड खोलीत गेलो. तेथे अंधूक उजेड होता, आणि खुंटीवर, जुन्या टोपीवाल्या अनोरॅक कोटाच्या मागे, नव्या कामिकांची जोडी लटकत होती. कातडे अजून ताठ होते, शिवणी बारीक आणि एकसारख्या. म्हणजे शिवले होते तर. फक्त पाठवायचे राहिले होते. मला एकदम इतके बरे वाटले, की मी बादली खाली ठेवली. आणि जे बूट मी तीस-पस्तीस वर्षे नाइलाजाने पायांत घातले, ते घालून पाहण्याची घाई मला झाली. मी खोक्यावर बसलो, माझा बूट काढला आणि पाय आत घातला. बोटे अर्ध्यातच अडकली. मी जोर केला. टाच वर राहिली. नेहमीच्या पोकळीची मला इतकी सवय होती, की त्या घट्टपणाचा अर्थ मला लागेना. मी पुन्हा जोर केला.

"बाबा, फाडशील ते." रेबेक्का दारात उभी होती. "आईचे आहेत."

मी पाय काढून घेतला.

"उन्हाळ्यात शिवलेत," ती म्हणाली. "नर्सबाई नूकचं पहिल्यांदा बोलून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी ही कातडं घेऊन बसली. बोटं चालत नव्हती तरी बसली. मी म्हटलं, यंदा बाबाचे नाहीत का? तर म्हणाली, कातडं एकच चांगलं आहे, आधी माझे प्रवासाचे होऊ देत."

"मग जायला नको का म्हणते?"

"नको कुठे म्हणाली? हलत नाही एवढंच. विचार ना तूच." तिने माझ्या हातातली जोडी घेतली, आत हात घालून अस्तर सारखे केले आणि पुन्हा खुंटीला लावली. "मला विचारू नकोस. तुमच्या नवरा-बायकोत मी कशाला बोलू?" ती म्हणाली.

मी पाणी आणले. वाटेत साखळीला बांधलेली कुत्री उठून उभी राहिली आणि ओळख नसल्याने पुन्हा बसली. मी रिकाम्या डोक्याने चालत होतो. मुद्दे गळून गेले होते. युस्तिना खिडकीपाशीच होती. मी तिच्यासमोरच्या खुर्चीवर बसलो.

"बूट छान झालेत," मी म्हणालो.

"डावा जरा कललाय. दिसत नाही आता."

"इस्पितळात जायला तू हलत नाहीस, असं रेबेक्का सांगत होती."

"इस्पितळात आजारी लोक जातात." ती बाहेर पाहत राहिली. "नवरा असलेल्या बाईने नवऱ्याकडे जायचं असतं. आणि ती काही उठून आपली आपण जात नाही. बोलावल्यावर जाते." मग, जणू हवेविषयी बोलावे तशा आवाजात, "इतके बूट पाठवले. मिळाले, एवढं कळवायचात. ये, असं कधी म्हणालात नाही. मी म्हटलं, जागा नसेल."

यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मी तिचे खंडन केले असते. मला माझे घर दिसले: टेबलाला एक खुर्ची, दुसरीवर वर्तमानपत्रांचा ढीग, कपाटात एकावर एक रचलेले मोठ्या मापाचे बूट. मी समजत होतो, की ती मला त्या माणसाच्या घरात ओढून घेत आहे. ती आपली उंबऱ्याबाहेर उभी होती, इतकी वर्षे, हाक येईल म्हणून.

"जिना आहे," मी म्हणालो. "तीन मजले. लिफ्ट नाही."

"हळूहळू चढू."

"दिवसभर मी कामावर असतो."

"तर काय, नवरे घरी बसतात होय?"

"आणि गाठ काढल्यावरही..." मी थांबलो. दुभाष्या वाक्य अर्धे सोडत नाही, पण हे वाक्य माझे होते. "काही महिनेच असतील कदाचित."

"मला काय करायचेत जास्त? दमलेय मी." तिने माझ्याकडे वळून पाहिले. "तुम्हीही दमलेले दिसता."

"चल," मी म्हणालो. "माझ्याकडे चल."

हे मी कोणाच्या वतीने म्हणालो, ते मी त्या क्षणी तपासले नाही. युस्तिनाने मान डोलावली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने जरा आवाज चढवून म्हणाली, "रेबेक्का, माझे बूट काढ गं. हे न्यायला आलेत." आत भांडे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

तळावर टिट्टुसने तिला उचलून हेलिकॉप्टरमध्ये बसवले. पिसाएवढी झालीय, तो मला म्हणाला, आणि प्रथमच त्याला माझ्यावर काही टोमणा सुचला नाही. रेबेक्काने मला वाळवलेल्या माशांची पिशवी दिली. "बाबा, आईला सांभाळ," ती म्हणाली. साठीला टेकलेल्या त्या बाईचा चेहरा मी नको म्हटल्यावर दाराशी बसलेल्या मुलीचा होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हे मी कधी केले नव्हते. तो हात पोस्टासमोरच्या थांब्यावरच्या हातांसारखा आपोआप गेला, आणि या वेळी मी त्याला खिशात घातले नाही.

इस्पितळात एक प्रश्न आधीच उभा राहिला. नात्यातल्या रुग्णासाठी दुभाष्याने बसू नये असा आमचा नियम आहे. तसे असल्यास वरिष्ठांना कळवावे, म्हणजे दुसऱ्याची नेमणूक होते. मी कळवायला गेलो आणि दाराशी थांबलो. कळवायचे काय? नाते आहे म्हणावे तर कोणते, ते सांगावे लागणार. नाही म्हणावे, तर नियमाची अडचणच उरत नाही. मी परत फिरलो. युस्तिना तपासणीच्या खोलीत उंच पलंगाच्या कडेला बसली होती, पाय लोंबत होते आणि पायांत नवे कामिक होते. परिचारिका बूट काढायला वाकली. युस्तिनाने पाय मागे घेतले. मग मी वाकलो. मी एक एक करून ते काढले. बाहेर ओला बर्फ पडत होता, आणि माझ्या घराच्या इमारतीपासून इथवर आम्ही तो तुडवत आलो होतो. मी आत हात घालून पाहिले. अस्तर कोरडे होते. तिचे पाय, निळसर शिरांचे, हाताच्या ओंजळीत मावतील एवढे, तेही कोरडे होते. ती वरून मला पाहत होती आणि तिने काही विचारले नाही.

डॉक्टर नवी होती, तरुण, नुकतीच डेन्मार्कहून आलेली. माझे नाव अजून तिच्या तोंडी बसले नव्हते. मी दोघींच्या मधल्या माझ्या खुर्चीवर बसलो. तिने वय विचारले, दुखणे विचारले, भूक विचारली, मी विचारले. युस्तिनाने सांगितले, मी सांगितले. "मला फार दिवसांपासून दुखतंय," मी डॅनिशमध्ये म्हणालो. "मी कोणाला बोलले नाही." मग डॉक्टरने कागदावरून मान वर केली आणि विचारले, शस्त्रक्रियेनंतर तुमच्याजवळ राहायला घरचे कोणी आहे का. मी ते आमच्या भाषेत केले, शब्दाला शब्द.

"आहे ना," युस्तिना म्हणाली. "नवरा आहे माझा. हे काय, इथेच बसलेत."

डॉक्टर माझ्याकडे वळून थांबली.

"आहे," मी डॅनिशमध्ये म्हणालो. "माझा नवरा आहे. हा इथेच बसला आहे."

तिने दाराकडे पाहिले, पलंगापलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिले, आणि मग माझ्याकडे. लेखणी हातात तशीच राहिली. काही तरी आणखी सांगितले जाईल, अशी ती वाट पाहत होती. मी हात मांडीवर ठेवले आणि तिच्या पुढच्या वाक्यासाठी थांबलो.